नव्या स्टेडियमची जागा समर्थकाने कशी पारखावी

फुटबॉल क्लबने नव्या स्टेडियमची घोषणा केली की सोबत संगणकावर रंगवलेली झगमगीत चित्रे येतात आणि समर्थकांची चर्चा छताचा आकार व आसनांचा रंग यांतच अडकून पडते. छत पुढेमागे बदलता येते, जागा मात्र बदलत नाही. लिव्हरपूल शहरातील एव्हर्टन क्लबचा पुरुष संघ 1892 पासून 2025 पर्यंत गुडिसन पार्क या एकाच मैदानावर खेळला. म्हणून चित्रे बाजूला ठेवून पुढील गोष्टी तपासाव्यात. उदाहरणे प्रामुख्याने इंग्लंडमधील आहेत, कारण मैदान बदलण्याचे बरेवाईट बहुतेक प्रकार गेल्या तीस वर्षांत तेथे घडून गेले आहेत.

सर्वांत आधी जमीन कोणाची आहे आणि स्टेडियम कोणाच्या नावावर राहणार आहे, हे विचारावे. कॉव्हेंट्री सिटी क्लबने 1899 पासूनचे हायफील्ड रोड मैदान सोडून 2005 मध्ये नव्या स्टेडियमात प्रवेश केला, पण ते क्लबच्या मालकीचे नव्हते. पुढे स्टेडियमचे भाडे आणि मालकी यांवरून वाद इतका विकोपाला गेला की 2013-14 च्या हंगामात घरचे सामने नॉर्दॅम्प्टनला आणि 2019 पासून दोन हंगाम बर्मिंगहॅमला खेळावे लागले. ब्रायटनची कथा याहून बोचरी आहे. तेथे नवी जागा हाती नसतानाच जुने गोल्डस्टोन मैदान विकले गेले, 1997 पासून दोन वर्षे संघ दूरच्या जिलिंगहॅमला खेळला आणि शहराच्या कडेला फॅल्मर येथे स्वतःचे स्टेडियम उभे राहायला 2011 साल उजाडले. नव्या मैदानाची परवानगी आणि पैसा या दोन्हींची खात्री होईपर्यंत जुने मैदान विकू नये, ही अट समर्थकांनी पहिल्याच बैठकीत लेखी मागावी. भाडेपट्टा असेल, तर त्याची मुदत, भाडे आणि सामन्यांच्या तारखांवरील क्लबचा अधिकार या तीन बाबी वाचल्याशिवाय पाठिंबा देऊ नये.

दुसरी कसोटी सामना संपल्यानंतरच्या तासाची आहे, आणि माझ्या मते हीच सर्वांत महत्त्वाची आहे. येताना प्रेक्षक दोन-तीन तासांत विखरून येतात, जाताना मात्र सगळे एकदम बाहेर पडतात. त्यामुळे ‘स्थानक जवळच आहे’ या वाक्यावर समाधान न मानता साधा हिशेब करावा. समजा 50,000 प्रेक्षकांपैकी चौथा हिस्सा, म्हणजे 12,500 लोक, रेल्वेने जाणार आहेत आणि एका गाडीत 500 जण मावतात, तर 25 गाड्या लागतील. तासाला आठ गाड्या सुटत असतील, तर शेवटच्या माणसाला तीन तास ताटकळावे लागेल. हा हिशेब आठवड्याच्या मधल्या दिवशी रात्री पावणेदहाला संपणाऱ्या सामन्यासाठीही करावा, कारण त्या वेळी गाड्या कमी असतात. एव्हर्टनच्या नव्या, सुमारे 53,000 क्षमतेच्या स्टेडियमला सर्वांत जवळचे सँडहिल्स स्थानक आहे आणि त्याला दोन रुळांमधला एकच फलाट आहे. अशी माहिती आराखड्याच्या मुखपृष्ठावर कधीच नसते. नव्या स्थानकाचे आश्वासन मिळाले, तर ते स्टेडियमच्या आधी सुरू होणार की नंतर, हेही विचारावे. कॉव्हेंट्रीच्या स्टेडियमालगतचे स्थानक सुरू झाले 2016 मध्ये, म्हणजे दहा वर्षांहून अधिक काळाने. याउलट फॅल्मरला स्थानक आधीपासून होते आणि ब्रायटनने सामन्याच्या तिकिटातच ठरावीक परिसरातील सार्वजनिक वाहतुकीचे भाडे समाविष्ट केले. शक्य झाल्यास अंधार पडल्यावर स्थानकापासून नियोजित जागेपर्यंत एकदा स्वतः चालून पाहावे, आणि वृद्ध किंवा चाकाच्या खुर्चीवरील प्रेक्षक त्या वाटेने कसे जातील, याची नोंद करावी.

शहराशी असलेले नाते भावनिक म्हणून बाजूला सारले जाते, पण ते सोडू नये. एव्हर्टनने कर्कबी येथे एका सुपरमार्केट कंपनीसोबत स्टेडियमची योजना आखली होती. अंतर फार नव्हते, तरी जागा लिव्हरपूलच्या हद्दीबाहेर होती. 2007 च्या मतदानात बहुमत बाजूने पडूनही विरोध शमला नाही, आणि 2009 मध्ये सरकारने परवानगी नाकारली.

भोवती ॲथलेटिक्सची धावपट्टी असलेले मैदान मिळत असेल, तर स्पष्ट नकार द्यावा. इटलीत तुरिनच्या देल्ले आल्पी स्टेडियमात प्रेक्षक खेळापासून इतके दूर बसत की युव्हेंटस क्लबने ते पाडून त्याच जागी 2011 मध्ये लहान पण मैदानाला बिलगलेले स्टेडियम उभारले. पुण्यात बालेवाडीला इंडियन सुपर लीगचे सामने पाहिलेल्यांना हे वेगळे सांगायला नको.

जागेचा इतिहासही तपासावा. एव्हर्टनचे नवे स्टेडियम ब्रॅमली-मूर गोदीत आहे. गोदी वाळूने भरावी लागली, जुन्या भिंती जपाव्या लागल्या, आणि 2021 मध्ये लिव्हरपूलच्या बंदर परिसराने युनेस्कोचा जागतिक वारसा दर्जा गमावला, त्याच्या कारणांत या स्टेडियमचाही उल्लेख होता. तरीही मला ही निवड योग्य वाटते, कारण क्लब शहरात राहिला आणि नदीकाठी आला.

शेवटी हरकती नोंदवण्याची पद्धत. नियोजन विभागाकडे पाठवायच्या पत्रात ‘आम्हाला हवे’ किंवा ‘नको’ एवढेच लिहून भागत नाही. वाहतूक अहवालातील आकडा उद्धृत करून त्यावर नेमका प्रश्न विचारावा, आणि कोणत्या पर्यायी जागा तपासल्या व त्या का नाकारल्या, याची तुलना मागावी. फॅल्मरच्या प्रकरणात पर्यायी जागा पाहण्यासाठी सार्वजनिक चौकशी पुन्हा सुरू करावी लागली होती. ही तुलना आधीच भक्कम असेल, तर आपल्या क्लबची काही वर्षे वाचू शकतात.