नृत्याची वाट धरताना मिळणारे नकार कसे हाताळावेत

निवडचाचणीत नकार मिळाला, तर त्या दिवशी कोणताही निर्णय घेऊ नये. नृत्य सोडण्याचा नाही आणि शिक्षक बदलण्याचाही नाही. दुसऱ्या दिवशी मात्र वही घेऊन बसावे आणि कोणता भाग सादर केला, लय कुठे सुटली, परीक्षकांनी नेमके कोणते शब्द वापरले, हे आठवेल तितके लिहून काढावे. अनेक नकारांचा आपल्या नृत्याशी फारसा संबंध नसतो, कारण समूहात उंची जुळवायची असते किंवा भूमिकेसाठी वेगळी चेहरेपट्टी हवी असते. परंतु एकमेकांना न ओळखणाऱ्या तीन परीक्षकांनी खांदे ताठ राहतात असे सांगितले असेल, तर ती नाउमेद करणारी टीका नसून पुढील दीड-दोन महिन्यांच्या रियाजाचा विषय आहे.

शरीराविषयीचे शेरे अधिक खोल जखम करतात. मिस्टी कोपलँड यांनी 13 व्या वर्षी, म्हणजे बॅलेच्या मानाने बऱ्याच उशिरा, शिक्षण सुरू केले आणि त्यांची शरीरयष्टी बॅलेला योग्य नाही असे त्यांना ऐकावे लागले. 2015 मध्ये त्या अमेरिकन बॅले थिएटर या नृत्यसंस्थेच्या प्रमुख नर्तिका झाल्या. त्या पदावर पोहोचलेल्या त्या पहिल्या आफ्रिकी-अमेरिकी महिला होत्या. म्हणून शेरा ऐकताना स्वतःला एकच प्रश्न विचारावा: यात सुधारता येण्याजोगे काही सांगितले आहे का? पाय नीट वळत नाही, असे सांगणारा शिक्षक कठोर असला तरी उपयोगाचा असतो. सर्वांसमोर वजनावरून अपमान करणाऱ्याकडे शिकत राहणे हा गुरुनिष्ठेचा भाग आहे, असे मला मुळीच वाटत नाही.

दुखापतीबाबत अधिक सावध राहणे आवश्यक आहे, कारण अनेक नर्तक भूमिका जाईल या भीतीने वेदना लपवतात. कष्टाने आलेली स्नायूंची ठणक साधारणपणे काही दिवसांत ओसरते. हाडावरील एकाच जागी दुखत असेल आणि उडी मारताना ते वाढत असेल, तर हाडाला बारीक भेग पडत असण्याची शक्यता असते, तेव्हा रियाज थांबवून डॉक्टरांना दाखवावे. पुरेसे न खाता तासन्‌तास सराव केल्यास हाडे कमकुवत होतात, आणि मुलींमध्ये पाळी बंद होणे हा त्याचा गंभीर इशारा असतो. विश्रांतीचा काळ मात्र रिकामा जाण्याची गरज नाही. क्युबाच्या बॅले नर्तिका अलिसिया अलोन्सो यांना 1941 च्या सुमारास डोळ्यांच्या शस्त्रक्रियांमुळे अनेक महिने अंथरुणात निश्चल पडून राहावे लागले, तेव्हा त्यांनी ‘गिझेल’ या बॅलेतील प्रमुख भूमिकेच्या हालचालींचा सराव केवळ बोटांनी आणि मनातल्या मनात केला आणि 1943 मध्ये त्यांनी ती भूमिका रंगमंचावर साकारली. भरतनाट्यम नर्तिका सुधा चंद्रन यांचा अपघात 1981 चा आणि कृत्रिम पायावर त्या रंगमंचावर परतल्या त्या 1984 मध्ये. पुनरागमनाचा हिशेब आठवड्यांत मांडू नये, तो या कालावधीकडे पाहून मांडावा.

घरच्यांचा विरोध बहुतेक वेळा नृत्याला नसून अनिश्चिततेला असतो, त्यामुळे प्रतिभेवर वाद घालण्याऐवजी त्यांच्यासमोर दोन वर्षांचा लेखी आराखडा ठेवावा. त्यात शिक्षणाचा खर्च, कोणत्या समूहांच्या चाचण्या द्यायच्या आणि दरमहा उत्पन्न कोठून येईल, हे स्पष्ट असावे. फक्त सादरीकरणावर जगणारे नर्तक थोडे असतात. बाकीचे लहान मुलांचे वर्ग घेतात, नृत्यदिग्दर्शनात साहाय्य करतात, तालमी सांभाळतात. हे दुय्यम काम समजू नये, कारण दुसऱ्याला पाऊल शिकवताना स्वतःच्या पावलातील दोष लख्ख दिसू लागतो. ‘मानधन नाही, पण ओळख होईल’ असे आमंत्रण आले, तर चित्रफीत वापरायला मिळेल का, तालमी किती आणि प्रवासखर्च कोण देणार, हे आधी लेखी मागावे. उत्तर टाळले गेल्यास नम्रपणे नकार द्यावा.

दर तीन महिन्यांनी एकच रचना, त्याच अंतरावर कॅमेरा ठेवून, वेशभूषेशिवाय चित्रित करावी आणि मागील चित्रफितीशेजारी ठेवून पाहावी. नकारांच्या लागोपाठच्या काळात आपण पुढे सरकलो की नाही, हे कोणाच्याही मतावर अवलंबून न राहता तेथे पाहता येते.