पिना कार्डात नसतात

डिप्लोमा झाल्या झाल्या रबाळे एमआयडीसीतल्या एका कॅलिब्रेशन लॅबमध्ये, म्हणजे मोजमापाची उपकरणं तपासणाऱ्या लॅबमध्ये, ट्रेनी म्हणून लागलो. मीटरची रीडिंग घ्यायला जुन्या लॅपटॉपच्या बाजूच्या खाचेत जीपीआयबी कार्ड, म्हणजे मीटरसारखी उपकरणं केबलने लॅपटॉपला जोडणारं कार्ड, सरकवायचं होतं. सिनियर जेवायला गेलेले. कार्ड तिरकं गेलं, अडलं, आणि मी अंगठ्याने रेटलं. कार्डाला काही झालं नाही. लॅपटॉपची खाच मात्र गेली.

असल्या, म्हणजे लॅपटॉपच्या खाचेत बसणाऱ्या पीसीएमसीआयए जातीच्या कार्डाच्या तोंडाला ६८ भोकं असतात. पिना असतात लॅपटॉपच्या खाचेत, अगदी आत. एक वाकली तरी मोठं काम निघतं. म्हणून आधी टॉर्च मारून बघा. प्लॅस्टिकचं डमी कार्ड असेल तर काढा आणि कडा धरून सरळ सरकवा. शेवटी किंचित जोर लागतो, तेवढाच. त्याआधीच अडलं तर कार्ड उलटं आहे किंवा त्याची जात वेगळी आहे. सोनेरी पट्टीचं कार्डबस कार्ड (त्याच आकाराचं, पण नंतरचं ३२ बिटचं) जुन्या १६ बिटच्या खाचेत मुद्दामच जाऊ दिलेलं नाही.

ड्रायव्हर कार्डाच्या आधी टाका, नाहीतर विंडोज भलतंच काहीतरी धरून बसतं. कार्ड चालू मशीनमध्येही लावता येतं म्हणतात. मी बंद करूनच लावतो. पाकिटातून काढण्याआधी अर्थिंग असलेल्या धातूला हात लावा. बाहेर खाडीची दमट हवा असली तरी एसीच्या खोलीत अंगावर चार्ज साठू शकतो.

दोन पिनांच्या चार्जरवर लॅपटॉपच्या धातूला हात लावला की कधी कधी मुंग्या येतात ना, ते लीकेज, म्हणजे चार्जरमधून झिरपणारा थोडासा करंट. मीटरला मात्र अर्थिंग असतं, त्यामुळे केबल जोडताना तो करंट तिच्यातून वाहू शकतो. म्हणून केबल जोडताना चार्जर काढलेला आणि मीटर बंद. जाड केबलचं वजन कार्डावर लटकू देऊ नका, टेबलाला बांधून टाका. एकूण केबल २० मीटरच्या आत, आणि कंट्रोलर (म्हणजे लॅपटॉपमधलं कार्ड) धरून १५ उपकरणांपर्यंत.

हे सगळं नीट करूनही, दुसऱ्या लॅपटॉपवर माझा मीटर पहिल्यांदा बोललाच नाही. अर्धा तास केबल हलवत बसलो. मीटरचा ॲड्रेस (केबलवर त्याला ओळखायचा नंबर) २२ होता, प्रोग्रॅममध्ये मी १६ लिहिला होता.