पिल्लांचा ढीग बघून वाढ कशी ओळखायची

मांजरीला पिल्लं झाली की आपण सगळे आईकडेच बघत बसतो, ती खाते का, पाजते का वगैरे. पण पहिले दोन आठवडे पिल्लाची वाढ शेजारच्या भावंडांवरपण बरीच अवलंबून असते, आणि ते बघायची सवय लागली की कोण मागे पडतंय हे लवकर कळतं.

आधी किचनमधला ग्रॅम दाखवणारा डिजिटल काटा घ्या. रोज ठरलेल्या वेळी सगळ्यांची वजनं घेऊन वहीत लिहा, पिल्लं सारखीच दिसत असतील तर पाठीवरचे थोडे केस वेगवेगळ्या जागी कापून खूण करा. जन्मताना साधारण १०० ग्रॅम आणि रोज १० ते १५ ग्रॅम वाढ, एवढं धरून चाला. वजन अडकलं तर डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवा, घटलं तर सरळ डॉक्टर.

आता ढीग. एवढ्याशा पिल्लाला स्वतःचं अंग गरम ठेवता येत नाही म्हणून ती एकमेकांवर चढून झोपतात, मधलं जास्त उबदार राहतं, आणि ऊब टिकवण्यात जी ताकद वाचली ती वाढीला लागते. सशांमध्ये हे नीट तपासलंय, आई दिवसातून साधारण एकदा येऊन काही मिनिटांत पाजून जाते, बाकी सगळा वेळ भावंडं हेच पांघरूण, आणि ढिगात मध्ये राहणारी पिल्लं प्यायलेल्या दुधातून जास्त वजन धरतात. म्हणून सगळ्यात बारक्याला "शांत झोपू दे बिचाऱ्याला" म्हणून वेगळ्या खोक्यात ठेवू नका. मी एकदा हा शहाणपणा केला आणि सकाळी पिल्लू गार लागलं, थोडक्यात वाचलं. ऊब द्यायचीच तर खोक्याच्या एकाच बाजूला द्या म्हणजे गरम झालं की त्यांना सरकता येतं. पांगून पडलीत म्हणजे बहुतेक उकडतंय, घट्ट चिकटून रडतायत म्हणजे थंडी वाजतेय.

दुधाचं गणित वेगळं, तिथे हीच भावंडं वैरी. डुकराची पिल्लं तर जन्मतःच आलेल्या टोकदार दातांनी सडासाठी भांडतात. मांजराची पिल्लं पहिल्या काही दिवसांत आपापला सड बऱ्यापैकी ठरवून टाकतात, त्यामुळे रोज जागा बदलत बसू नका. त्यापेक्षा दोन धष्टपुष्ट पिल्लं दहा-पंधरा मिनिटं उबदार कापडात बाजूला ठेवा आणि बारक्याला निवांत पिऊ द्या. पहिल्या दिवशीचा चीक मात्र प्रत्येकाच्या पोटात गेलाच पाहिजे. आणि गार पडलेल्या पिल्लाला दूध पाजायचं नाही, आधी हळूहळू गरम करा, गार पोटात दूध पचत नाही.

तीन-चार आठवड्यांनी कुस्ती सुरू होते. मध्ये पडू नका, चावलं की समोरचं ओरडतं, खेळ थांबतो, आणि किती जोरात चावायचं ते असंच समजतं. एकुलत्या पिल्लाला दूध भरपूर मिळतं पण हा धडा मिळत नाही, त्याच्याशी हाताने कुस्ती खेळू नका, त्याच वयाची दुसरी पिल्लं मिळाली तर उत्तम. निदान आठ आठवडे सगळ्यांना एकत्रच ठेवा.

अपवाद एकच, बाटलीवर वाढणारी अनाथ पिल्लं. ती कधीकधी भावंडालाच चोखत बसतात, शेपटीखालची जागा लाल होऊन सुजते, तेव्हा मात्र चोखणाऱ्याला वेगळं करा आणि सोबतीला कापडात गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली आणि एखादं मऊ खेळणं द्या.