जुन्या विंडोजवर संकेतस्थळे उघडेनात, तेव्हा

खानापुरातील आमच्या छपाईच्या दुकानातले लग्नपत्रिकांचे मराठी-कन्नड मजकूर ज्या युनिकोडपूर्व (सगळ्या संगणकांवर सारखी चालणारी अक्षरपद्धती येण्याआधीच्या) सॉफ्टवेअरमध्ये आहेत, ते विंडोज ७ वरच चालते. त्यामुळे १४ जानेवारी २०२० रोजी मायक्रोसॉफ्टचे साहाय्य संपूनही तो संगणक मी मोडीत काढला नाही. त्यावर क्रोम ब्राउझर १०९ व्या आवृत्तीवर थांबला होता, म्हणून गेल्या पावसाळ्यात प्रत्येक संकेतस्थळाचे प्रमाणपत्र (त्याची ओळख पटवणारा डिजिटल दाखला) अवैध असल्याचा संदेश येऊ लागला, तेव्हा दोष मी त्यालाच दिला. प्रत्यक्षात मदरबोर्डवरील (संगणकाच्या मुख्य पट्टीवरील) घड्याळ चालू ठेवणारा सीआर२०३२ हा बटणासारखा सेल संपला होता आणि वीज गेली की (आमच्याकडच्या पावसात ती जातेच) तारीख २००९ वर जात होती. प्रमाणपत्र ठरावीक काळापुरतेच वैध असते, त्यामुळे चुकीच्या तारखेला ते अवैध ठरत होते. सेल बदलून घड्याळ लावले, फायरफॉक्सची ११५ ही दीर्घकालीन आवृत्ती बसवली. बँकेचे व्यवहार मात्र मी तिथे करत नाही.