एअर रायफलसाठी छर्रे निवडताना या चुका टाळा

ठाण्यात मी मुलांना दहा मीटर एअर रायफल शिकवते. २०२२ साली आपल्या ठाण्याच्या रुद्रांक्ष पाटीलने कैरोला जागतिक विजेतेपद मिळवलं, तेव्हापासून नव्या मुलांचे पालक पहिल्याच दिवशी विचारतात, "मॅडम, तो कुठले छर्रे वापरतो? आम्हीही तेच घेतो." त्यामागची हौस मला कळते. पण जगज्जेत्याची डबी तुमच्या रायफलला मानवेलच असं नाही. एकाच कारखान्यातून, एकाच दिवशी निघालेल्या दोन रायफलींनाही वेगवेगळे छर्रे लागू पडतात. छर्रा कोणता, ते बॅरल म्हणजे रायफलची नळी ठरवते.

नाव बघून डबी उचलणं

ही चूक मी सगळ्यात जास्त वेळा बघते. डबीवर ४.५ मिमी लिहिलंय, कंपनी नावाजलेली आहे, झालं. पण त्याच कंपनीचे छर्रे डोक्याच्या मापानुसार ४.४९, ४.५०, ४.५१ असे वेगवेगळे मिळतात. वर प्रत्येक डबीवर बॅच नंबर असतो आणि बॅच बदलली की छर्राही थोडा बदलतो. शंभरावा भाग मिलिमीटर म्हणजे काहीच नाही, असं वाटेल. टार्गेटवरचा दहाचा ठिपका जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा असतो, आणि गोळी पाव मिलिमीटर सरकली की गुणाचा एक दशांश जातो, हे लक्षात ठेवा.

ऐरोलीहून येणाऱ्या एका मुलाने जुनी रायफल घेतली. आधीच्या मालकाने तिचं बॅरल बदलून घेतलेलं, दस्ताही कापून आखूड केलेला. मुलगा मेहनती. साठ गोळ्यांत ६२० गुणांच्या आसपास खेळायचा, तो राज्य स्पर्धेच्या महिनाभर आधी ६११ वर आला. त्याने गालपट्टी हलवली, बटप्लेट हलवली, ट्रिगर हलका केला. वडिलांनी नवं जॅकेट घेतलं. मीही दोन आठवडे त्याची कोपरं आणि पायांची ठेवणच बघत बसले. एका संध्याकाळी तो डबी उघडत होता, तेव्हा झाकणावरच्या वेगळ्या बॅच नंबरकडे माझं लक्ष गेलं. "ही कधी आणलीस?" "मॅडम, जुनी संपत आली म्हणून. तीच आहे, तीच कंपनी, तेच वजन."

दुसऱ्या दिवशी रायफल शिकंज्यात आवळली. त्याच्या जुन्या डबीत तळाला पंधरा-वीस छर्रे उरले होते. त्यातल्या दहांचा ग्रुप, म्हणजे भोकांचा पुंजका, बाहेरच्या कडेपासून कडेपर्यंत साडेसहा मिलिमीटर आला. नव्या डबीचा नऊ. छर्ऱ्याचे साडेचार वजा केले तर केंद्रांमधलं अंतर दोनवरून साडेचारवर गेलं होतं. म्हणजे पोराने अगदी मधोमध धरून सोडलेली गोळीही १०.१ पर्यंत घसरत होती, आणि आम्ही त्याच्या कोपरांना दोष देत होतो. त्याची मान खाली गेली होती ती मला अजून आठवते. सहा वेगवेगळ्या डब्या आणवून प्रत्येकीचे दहा-दहा मारले. ४.५० मधली एक बॅच जमली, आणि त्याच बॅचच्या डब्या हंगामभराच्या हिशोबाने घेऊन ठेवल्या. रोज शंभर छर्रे मारणाऱ्याला पाचशेच्या सहा डब्या महिनाभर पुरतात.

माझी सवय सांगते. बॅच नंबर मार्करने कागदी टेपवर लिहून ती टेप दस्त्याच्या आतल्या बाजूला चिकटवते. नवी डबी आली की आधी टेप बघायची, मगच झाकण उघडायचं. शिवाय बॅरल बदललं, सील बदललं, काहीही बदललं, की चाचणी पहिल्यापासून. ज्यांना हा एक दिवस द्यायचा नाही, ते पुढे तीन महिने भलत्याच जागी चूक शोधतात.

छर्रे दप्तरात टाकणं

शिसं मऊ असतं. कळव्याहून लोकलच्या गर्दीत आलेल्या दप्तरात डबी आपटली की छर्ऱ्याचा मागचा पातळ घेर चेपतो. डबीत स्पंजची चकती ठेवा. डबी खाली पडली असेल तर तिच्यावर 'सराव' लिहून बाजूला काढा. पावसाळ्यात आपल्याकडे दमट हवेने शिशावर पांढरी पूड धरते. ती फुंकर मारून उडवू नका, ते विष आहे. छर्रा तोंडात धरणारा मुलगा दिसला तर मी त्याचा त्या दिवसाचा सराव थांबवते. हात साबणाने धुतल्याशिवाय वडापावला हात लावायचा नाही, हा नियम आमच्याकडे मोठ्यांनाही आहे.

टोकदार छर्रे स्पर्धेसाठी घेऊ नका. चपट्या डोक्याचा छर्रा कागदात गोल, स्वच्छ भोक पाडतो, टोकदार कागद फाडतो.

साइड लिव्हरची जुनी स्प्रिंगवाली रायफल मिळाली असेल तर रिकामी झाडू नका. छर्रा नसला की पिस्टनला पुढे अडवणारं काही राहत नाही आणि सील मरतं. चेंबरमध्ये तेलही सोडू नका, दाबाने ते पेटतं.

रायफल हवेच्या सिलिंडरवर चालणारी असेल तर सिलिंडरवरची तारीख वाचा. स्पर्धेत त्याची मुदत दहा वर्षं धरतात. वापरलेली रायफल स्वस्तात मिळते तेव्हा बहुतेकदा हेच कारण असतं.

जोर वाढवून घेणं

कुणीतरी सांगतं, कडक स्प्रिंग टाकून घे, गोळी सरळ जाईल. नाही जात. स्पर्धेची रायफल अर्ध्या ग्रॅमच्या छर्ऱ्याला सेकंदाला साधारण १७० मीटर वेग देते, म्हणजे साडेसात जूलच्या आसपास. दहा मीटरवर तेवढं भरपूर आहे. जोर वाढवला की धक्का वाढतो आणि ग्रुप उघडतो. २० जूलच्या वर गेलात तर शस्त्र नियम २०१६ प्रमाणे परवाना लागतो. असं काम करून आणलेली रायफल मी रेंजवर घेत नाही, मग मूल कितीही गुणी असो. मूळ स्प्रिंग परत बसवून आणा, आणि येताना छर्ऱ्यांच्या चार-पाच वेगवेगळ्या डब्या घेऊन या. शिकंजा आमच्याकडे आहे.