नवीन बास्केटबॉल रेफरी आहात? मग या चुका टाळा

रूलबुक वाचलंय, क्लिनिक केलंय, ग्रे शर्ट शिवून घेतलाय, आणि तरी पहिल्याच शालेय मॅचला दुसऱ्या मिनिटाला बाहेरून आवाज येतो, "ओ सर, डोळे कुठेत तुमचे?" आता राग येणं साहजिक आहे, पण प्रश्न अगदी मुद्द्याचा आहे. नवीन रेफरीला नियम येत नाहीत म्हणून कॉल चुकतो असं फार कमी वेळा होतं, बहुतेकदा डोळे नको तिकडे असतात आणि पाय एकाच जागी रुतलेले असतात. तेवढं सुधारलं की निम्मी बोंबाबोंब बंद होते. (बाकीची निम्मी कधीच बंद होत नाही, ती सवय करून घ्या.)

बॉल बघत बसणं

सगळ्यात मोठी चूक हीच. आपण लहानपणापासून प्रेक्षक म्हणून मॅच बघतो त्यामुळे मान आपोआप बॉलमागे फिरते. शॉट सुटला की दोन्ही रेफरी वर रिंगकडे बघतायत, आणि खाली रिबाउंडसाठी चार पोरं एकमेकांना ढकलतायत ते कुणालाच दिसत नाही. मग एक जण धपकन पडतो, रेफरी खाली बघतो, पडलेला मुलगा दिसतो आणि अंदाजाने फाउल देतो. तोही बऱ्याचदा उलट्या टीमवर.

दोन रेफरी असतील तर काम वाटून घेतलेलं असतं. ट्रेल म्हणजे मागचा रेफरी, तो बॉलच्या थोडा मागे आणि डावीकडे, शॉट हवेत असताना बॉल कुठे जातोय आणि गोलटेंडिंग (रिंगकडे खाली येणारा शॉटचा बॉल मध्येच अडवणं) होतंय का हे त्याने बघायचं. लीड म्हणजे एंडलाइनच्या बाहेरचा, त्याने त्या वेळी वर बघायचंच नाही, त्याची पोरं खाली आहेत. आपल्याकडच्या उघड्या सिमेंट कोर्टवर अजून एक भानगड असते, रिंगला जाळी नसते किंवा दोन दोऱ्या लोंबत असतात, आणि जोराचा शॉट रिंगमधून गेला की पुढून निसटला हे काही कोनांतून खरंच कळत नाही. तिथे ट्रेलने डोळा ठेवला नाही तर "पॉइंट द्या सर" आणि "गेलाच नाही सर" यात पाच मिनिटं जातात.

डिफेन्डर बघायची सवय लावा. अटॅकर काय करणार ते तसंही दिसतं, फाउल मात्र बहुतेक वेळा डिफेन्डरच्या पायात, कमरेत किंवा हातात असतो. तो आधी जागेवर आला होता का, दोन्ही पाय जमिनीवर ठेवून समोर तोंड करून उभा होता का, मग उडी सरळ वर मारली की पुढे झेपावला, हे तुम्ही पहिल्यापासून बघितलं असेल तरच ब्लॉक (डिफेन्डरचा फाउल) की चार्ज (अटॅकरचा फाउल) हे सांगता येतं.

आणि हे बघण्यासाठी दोन खेळाडूंमधली फट दिसली पाहिजे. अटॅकरची पाठ तुमच्याकडे आणि डिफेन्डर त्याच्या पलीकडे अशी सरळ रेषा झाली की तुम्हाला काहीच दिसत नाही, एक पाऊल बाजूला सरका, फट उघडते. एंडलाइनवर एकाच जागी खांबासारखे उभे राहणारे नवीन लीड इथेच मार खातात.

शिट्टी आधी, विचार नंतर

उंच मुलगा हात वर करून सरळ उडी मारतो, बुटका गार्ड येऊन त्याच्या छातीवर आदळतो, मोठ्ठा आवाज होतो, गार्ड पडतो, आणि शिट्टी उंच मुलावर. दर जिल्हास्तरीय स्पर्धेत हे बघायला मिळतं. त्याच्या उभ्या जागेची वरची हवा त्याची आहे, तो सरळ वर गेला असेल तर फाउल त्याचा नाही. कोण पडलं आणि किती आवाज आला यावर फाउल ठरत नाही.

यावर उपाय एकच, थोडं थांबा. हालचाल सुरू कशी झाली, मध्ये काय झालं, शेवट काय झाला, तिन्ही बघा आणि मग वाजवा. अर्ध्या सेकंदाने उशीर झालेली बरोबर शिट्टी कुणी लक्षात ठेवत नाही. तीन सेकंदांच्या नियमाचंही (अटॅक करणाऱ्याने पेंटमध्ये, म्हणजे रिंगखालच्या आखलेल्या भागात, तीन सेकंदांहून जास्त थांबायचं नाही) तसंच, एखादा मुलगा पेंटमधून बाहेर पडतोय किंवा शॉटच मारतोय तर लगेच तुटून पडू नका, आणि शॉट सुटला की मोजणी संपली, रिबाउंडच्या झटापटीत तीन सेकंद नसतात.

"ओव्हर द बॅक सर!", "रीच इन सर!" असं बाकावरून ओरडतात. मागून उंच उडी मारून स्पर्श न करता बॉल घेतला तर त्यात फाउल कसला? हात पुढे केला पण लागला नाही, तरी फाउल नाही. स्पर्श बघा, आणि त्या स्पर्शाने समोरच्याचं काही बिघडलं का ते बघा. पायाला बॉल लागला की "किक बॉल" ओरडतात तेही असंच, मुद्दाम लाथ मारली तरच व्हायलेशन (फाउल नसलेला नियमभंग), चुकून लागला तर खेळ चालू.

जाता जाता शिट्टीबद्दल. आत गोळी असलेली स्वस्तातली शिट्टी घेऊ नका, घामाने किंवा थुंकीने गोळी अडकते आणि नेमक्या वेळी नुसती फुस्स होते. कॅनडाचे रेफरी रॉन फॉक्सक्रॉफ्ट यांची शिट्टी १९८४ साली ब्राझीलमधल्या ऑलिम्पिक पात्रता स्पर्धेत अशीच ऐन वेळी वाजली नाही, त्यातून त्यांनी बिनगोळीची फॉक्स ४० काढली. तीच किंवा तसली घ्या, आणि खिशात एक जादा ठेवा.

ट्रॅव्हलिंग

इथे मात्र नीट वाचा कारण सगळ्यात जास्त चुकीच्या शिट्ट्या ट्रॅव्हलिंगच्या (बॉल हातात धरून नियमाबाहेर पावलं टाकण्याच्या) असतात, आणि गंमत म्हणजे चुकीच्या दोन्ही बाजूंनी. २०१७ पासून फिबाच्या (बास्केटबॉलच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या) नियमात पळताना बॉल हातात आला त्या क्षणी जमिनीवर असलेलं पाऊल मोजत नाहीत, त्यानंतर दोन पावलं. म्हणजे लेअपला "एक दोन तीन" असं दिसलं तरी ते बरेचदा कायदेशीर असतं. जुन्या शाळेतले सर लोक अजून यावर हुज्जत घालतात, घालू द्या.

उलट जिथे खरंच ट्रॅव्हल असतं ते कुणी देत नाही. मुलगा उभा आहे, बॉल हातात, फेक दाखवतो आणि ड्रिबल सुरू करताना बॉल हातातून सुटायच्या आधीच पिव्हट पाय (जमिनीवर टेकवून ठेवायचा पाय) उचलतो. हे दर दुसऱ्या मिनिटाला होतं. म्हणून बॉल पकडला की लगेच पिव्हट पाय कुठला ते मनात नोंदवा. पायाचा हिशोब सुरुवातीलाच केला नाही तर नंतर फक्त "काहीतरी विचित्र दिसलं" एवढंच उरतं, आणि विचित्र दिसणं हे व्हायलेशन नाही.

बॉल घेऊन पडला आणि घसरला तर? चालतं. पडल्यावर बॉल धरून लोळला किंवा उठायला गेला तर व्हायलेशन. स्वतःचा एअरबॉल (रिंगला न लागलेला शॉट) स्वतःच पकडला तर? खरोखर शॉट मारला होता तर चालतं. या दोन गोष्टींवर पब्लिक हमखास ओरडणार, तेव्हा चेहरा शांत ठेवा.

एनबीए बघून शिकलेले नियम

मोबाइलवर रात्री एनबीए आणि सकाळी शालेय मॅच, त्यात घोळ होतो. आपल्याकडे फिबाचे नियम चालतात. डिफेन्सला तीन सेकंद नाहीत. पाच फाउलला खेळाडू बाहेर, सहाला नाही. कोर्टवरच्या खेळाडूने हाताने टी दाखवला म्हणून टाइमआउट द्यायचा नाही, तो कोचने टेबलकडे (स्कोअरर आणि टायमर बसतात तिथे) मागायचा असतो. शॉटचा बॉल रिंगला लागला की त्यानंतर दोन्ही टीमला तो टॅप करता येतो, लगेच गोलटेंडिंग देऊ नका. टेक्निकलला (म्हणजे वागणुकीबद्दलच्या, धक्का नसलेल्या फाउलला) एकच फ्री थ्रो, आणि खेळ जिथे थांबला होता तिथून पुढे.

आणि बोनस. एका क्वार्टरमध्ये चार टीम फाउल झाले की पाचव्यापासून दोन फ्री थ्रो, हे सगळ्यांना पाठ असतं, पण ज्या टीमकडे बॉल आहे तिनेच फाउल केला तर फ्री थ्रो नाहीत, समोरच्या टीमला फक्त थ्रो-इन (बाहेरून बॉल आत टाकणं). चार्ज दिल्यावर दोन्ही टीम फ्री थ्रोला उभ्या करणारे रेफरी कमी नाहीत.

टेबलला काही कळतच नाही

शिट्टी वाजवली पण हात वर केला नाही तर टायमरचा घड्याळ थांबवताना गोंधळ होतो. फाउलला मूठ, व्हायलेशनला उघडा पंजा, आणि तो वर ठेवा, झटकून खाली आणू नका. मग पळत पळत "सात नंबर, निळा" असं ओरडत येऊ नका. टेबल दिसेल अशा जागी येऊन थांबा, नंबर दाखवा, फाउलचा प्रकार दाखवा, पुढे काय ते दाखवा. ११ ते १५ नंबरला उजव्या हाताची मूठ आणि डाव्या हाताची बोटं, १६ पासून पुढे आधी दशक उलट्या हाताने (पंजाची मागची बाजू टेबलकडे), मग एकक. हे घरी आरशासमोर करून बघा, हसू येईल पण कोर्टवर बोटं अडखळणार नाहीत. टेबलवर बरेचदा अकरावीतली दोन पोरं बसवलेली असतात, त्यांना मॅचआधी दोन मिनिटं देऊन अॅरो (बॉल कुणाचाच नसताना पुढचा थ्रो-इन कुणाचा ते दाखवणारा बाण) कसा फिरवायचा आणि टीम फाउल कसे मांडायचे ते सांगा.

आणखी एक, फाउल दिल्या दिल्या टेबलकडे वळू नका. शॉट हवेत असेल तर तो आत गेला का ते आधी बघा, नाहीतर एक फ्री थ्रो की दोन हे कुणाला विचारणार?

घोळ झालाच तर

चुकून शिट्टी वाजली, काहीच नव्हतं. लपवायला उगाच फाउल शोधू नका. ज्यांच्याकडे बॉल होता त्यांना जवळच्या जागेवरून थ्रो-इन. शॉट आधीच हवेत असेल आणि आत गेला तर पॉइंट धरायचे. बॉल कुणाकडेच नसेल तर अॅरो.

दोघांनी एकदम शिट्टी मारली आणि एकाने ब्लॉक, दुसऱ्याने चार्ज दाखवला, हा तर नवीन जोडीचा ठरलेला अपघात. हात वर ठेवून आधी एकमेकांकडे बघायचं, ज्याच्या एरियात झालं त्याने पुढे सिग्नल द्यायचा, दुसऱ्याने गप्प हात खाली. हे मॅचआधी बोलून ठेवा.

फ्री थ्रो द्यायचे राहिले किंवा भलत्याच खेळाडूने मारले तर सुधारता येतं, पण मर्यादा आहे. चुकीनंतर घड्याळ सुरू झालं, मग पहिल्यांदा बॉल डेड झाला (खेळ थांबला), त्यानंतर बॉल परत लाइव्ह (खेळात) व्हायच्या आत चूक लक्षात आली पाहिजे. ती वेळ गेली की गेली. ट्रॅव्हल होतं की नव्हतं असले निर्णय यात येत नाहीत, तेव्हा कोचने कितीही व्हिडिओ दाखवला तरी नाही.

कोच आणि पब्लिक

कोचने प्रश्न विचारला तर एका वाक्यात उत्तर द्या, "सर, हात कोपरावर लागला." टोमणा मारला तर ऐकून सोडा. तोच तोच चालू राहिला तर शांतपणे एकदा वॉर्निंग, आणि पुढे टेक्निकल, त्यात रागवायचं काही नाही. मागच्या चुकीची भरपाई म्हणून समोरच्या टीमला पुढचा कॉल द्यायचा मोह होतो तो मात्र कटाक्षाने टाळा, मुंबईच्या नागपाड्यासारख्या ठिकाणी किंवा नागपूर-पुण्याच्या जुन्या कोर्टवर लोकांना खेळ चांगला कळतो, असला मेकअप कॉल त्यांना तिसऱ्या पायरीवरून दिसतो.

मॅचआधी कोर्टवर एक चक्कर मारा, ओलं कुठे आहे, सिमेंट कुठे उखडलंय. पोरांची कडी, साखळ्या, अंगठ्या काढून घ्या, नखं बघा, आणि चिकटपट्टीने लावलेले नंबर हाफटाइमपर्यंत टिकतील का तेही बघा. मॅच संपल्यावर मात्र घाईत शीटवर सही ठोकू नका. रनिंग स्कोअर आणि चारही क्वार्टरची बेरीज जुळते का ते स्कोअररसोबत बसून तपासा, कारण क्रू चीफची (मुख्य रेफरीची) सही झाली की त्या मॅचशी तुमचा संबंध संपला, मग एक पॉइंटचा फरक निघाला तरी पेन परत हातात घेता येत नाही.