इंग्लिश कॅथेड्रलच्या शैली ताडून पाहताय? मग या चुका टाळा

आर्किटेक्चरच्या मुलांच्या शीट्स तपासायला घेतल्या की दरवर्षी तोच तक्ता समोर येतो. शैलींचे चार रकाने, काळाच्या क्रमाने: नॉर्मन, अर्ली इंग्लिश, डेकोरेटेड, पर्पेंडिक्युलर. खाली चार कॅथेड्रलांची नावं: डरहॅम, सॉल्सबरी, एक्सेटर, ग्लॉस्टर. प्रत्येकाचा इंटरनेटवरून उचललेला एकेक फोटो. झाली तुलना! रात्री दोन वाजता शीट उरकायची असली की हेच सुचणार, पण निदान पुढच्या चुका तरी करू नका.

अख्ख्या इमारतीला एकच शिक्का मारणं

सगळ्यात जास्त मार्क इथे जातात. ही कॅथेड्रलं शतकानुशतकं बांधली, जळली, कोसळली, पुन्हा उभी राहिली. सॉल्सबरीचा मुख्य भाग १२२० ते १२५८ या काळात सलग उभा राहिला, म्हणून तो एकसंध दिसतो. पण तो अपवाद आहे, आणि त्याचाही उंच कळस नंतरचाच, चौदाव्या शतकातला. मुलं नेमका हा अपवाद पाठ करतात आणि त्यालाच नियम समजतात.

एक पठ्ठ्या सुट्टीत काकाकडे इंग्लंडला गेला आणि ग्लॉस्टर पाहून आला. ज्युरीत, म्हणजे शीट्सच्या तोंडी परीक्षेत, छातीठोकपणे म्हणाला, "सर, पुस्तकात चूक आहे. ग्लॉस्टर पर्पेंडिक्युलर नाहीये, नॉर्मन आहे." फोटोही दाखवले. नेव्हमधले, म्हणजे पश्चिमेच्या लांब दालनातले, अगडबंब गोल खांब आणि वर अर्धगोल कमानी. फोटो अगदी खरे. मी विचारलं, "पुढे क्वायरमध्ये गेलास?" तर म्हणे, "मध्ये भिंत होती सर, वर ऑर्गन होता. मला वाटलं तिथे संपलं."

संपलं कसलं, तिथे तर सुरू होतं! त्या भिंतीच्या पलीकडे चौदाव्या शतकातलं क्वायर, म्हणजे पाद्री आणि गायकांचा पूर्वेकडचा भाग, आहे. खून झालेल्या दुसऱ्या एडवर्ड राजाला १३२७ मध्ये इथेच पुरलं आणि त्यानंतर काही वर्षांतच या पूर्वेकडच्या भागाचं रूप पालटायला सुरुवात झाली. जमिनीपासून छतापर्यंत चढत गेलेल्या उभ्या दगडी पट्ट्या, आणि टोकाला जवळपास पूर्ण भिंत व्यापणारी काचेची खिडकी. गंमत म्हणजे त्यासाठी जुनं नॉर्मन क्वायर सगळं पाडलेलंच नाही. ही नाजूक जाळी जुन्या सांगाड्याच्या पुढ्यात उभी केली आहे. क्वायरच्या कडेने फिरणाऱ्या वाटेवर गेलं की मागचे बुटके नॉर्मन खांब जागच्या जागी दिसतात. म्हणजे पुस्तकही बरोबर आणि फोटोही बरोबर. चुकला तो तक्ता.

विंचेस्टरचंही तसंच. १०७९ मध्ये सुरू झालेल्या इमारतीचं ट्रान्सेप्ट, म्हणजे आडवी बाजू, बरीचशी नॉर्मनच राहिली. नेव्हला मात्र चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून पर्पेंडिक्युलर रूप मिळालं.

माझी सवय सांगतो. फोटो शोधण्याआधी प्लॅन काढायचा आणि चार रंगांच्या पेन्सिलींनी शतकांप्रमाणे भरायचा. मग क्वायर क्वायरशी ताडायचं, नेव्ह नेव्हशी. यात एक अख्खी संध्याकाळ जाते. ज्यांना ती द्यायची नसेल त्यांनी दुसरा विषय घ्यावा.

टोकदार कमान दिसली की 'गॉथिक' म्हणणं

गॉथिक म्हणजे नॉर्मननंतरच्या तिन्ही शैलींचं एकत्र नाव. आता डरहॅमला जाऊन मान वर करा. १०९३ मध्ये सुरू झालेलं, नक्षीने कोरलेल्या जाड खांबांचं हे काम नॉर्मनच. पण नेव्हच्या छतातल्या आडव्या कमानी टोकदार आहेत, आणि छताला दगडी फासळ्याही आहेत. हे छत ११३३ च्या सुमारास पुरं झालं. उलट जुन्या भिंतीत नवी खिडकी बसवणं तर नेहमीचंच. ग्लॉस्टरच्याच नॉर्मन नेव्हच्या दक्षिण बाजूला चौदाव्या शतकातल्या, दगडी गोळ्यांची नक्षी असलेल्या डेकोरेटेड खिडक्या आहेत.

म्हणून मी खिडकी सगळ्यात शेवटी पाहतो. खिडकी म्हणजे जुन्या वाड्याला बसवलेलं नवं दार, त्यावरून वाड्याचं वय काढू नये. आधी खांबाचा पाया, मग डोकं, मग कमानीच्या कडा. कडेवर नागमोडी करवती नक्षी असेल तर नॉर्मन. खांबाभोवती दक्षिण इंग्लंडमधल्या पर्बेकच्या काळसर दगडाचे बारीक दांडे, आणि डोक्यावर ताठ देठांची वळलेली पानं असतील तर अर्ली इंग्लिश.

तारखांना रेल्वेचं टाइमटेबल समजणं

अर्ली इंग्लिश, डेकोरेटेड, पर्पेंडिक्युलर ही नावं रूढ केली वास्तुकार टॉमस रिकमनने, १८१७ मध्ये. मध्ययुगातल्या गवंड्यांना ती ठाऊक असण्याचा प्रश्नच नाही. ईलीचा मधला मनोरा १३२२ मध्ये कोसळला आणि तिथे लाकडी कंदिलाचा, म्हणजे वरून उजेड आणणाऱ्या खिडक्यांच्या मनोऱ्याचा, तो अफलातून अष्टकोन उभा राहिला. त्याला डेकोरेटेड म्हणतात. त्याचं काम चालू असतानाच ग्लॉस्टरमध्ये पर्पेंडिक्युलर सुरू झालं होतं. एक संपल्यावर दुसरी, असं शीटवर लिहिलंत की मी लाल पेन काढतो.

बाकीच्या, थोडक्यात

उंचीवरून फ्रान्सशी तुलना करून इंग्रजांना नापास करू नका. तिथल्या आमिअँच्या कॅथेड्रलचं बांधकाम सॉल्सबरीच्याच वर्षी सुरू झालं आणि त्याचं छत कितीतरी उंच आहे, हे खरं. पण इंग्रजांचा सगळा जोर लांबीवर, चौकोनी पूर्व टोकावर आणि मधल्या मनोऱ्यावर.

पश्चिमेच्या दर्शनी भिंतीवरचे पुतळे पाहून मध्ययुगीन शिल्पकलेवर परिच्छेद लिहू नका. लिचफिल्डचे बहुतेक पुतळे एकोणिसाव्या शतकातले आहेत.

मुंबईच्या नजरेने पाहू नका. राजाबाई टॉवरचा आराखडा इंग्रज वास्तुकार जॉर्ज गिल्बर्ट स्कॉटचा, आणि ईली, लिचफिल्ड, सॉल्सबरीची डागडुजीही त्यानेच केली, हा दुवा खरा. पण राजाबाई १८७८ मध्ये पुरा झाला, आणि त्यात व्हेनिसपासून फ्रान्सपर्यंतचं सगळं मिसळलंय. मध्ययुगाचा नमुना म्हणून तो चालणार नाही.

आणि लंडनचं सेंट पॉल्स या यादीत घालू नका. ते वास्तुकार ख्रिस्तोफर रेनचं, लंडनच्या १६६६ च्या आगीनंतरचं. वेस्टमिन्स्टर ॲबीही नको. सोळाव्या शतकातली थोडी वर्षं सोडली तर ते कॅथेड्रल नव्हतंच.